एका डिसेंबरातील दोन मैफली

माझा दवाखाना सदाशिव पेठेत आहे. डिसेंबर उजाडला की ज्येष्ठ रुग्णांचा एक हंगामी प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, सवाईला बसवेल ना?" कोणाचे गुडघे, कोणाची मधुमेहाची वेळापत्रके, कोणाचा दमा. मी सहसा कोणालाही 'नाही' म्हणत नाही. स्वेटर, मफलर, डबा आणि खुर्चीचे तिकीट, एवढ्यावर परवानगी देऊन टाकते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून सवाईच्या मंडपात रात्र काढलेली मी, दुसरे काय सांगणार?

२०१८च्या डिसेंबरात मात्र एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली ती वेगळीच तक्रार सांगत. "बाबांनी रॉकच्या कार्यक्रमाचे तिकीट काढले आहे. तुम्ही नाही म्हणा, तुमचे ऐकतील."

काका एकाहत्तर वर्षांचे, पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चार वर्षांपूर्वी स्टेंट घातलेला, रक्तदाबाची गोळी चालू, उजव्या कानात श्रवणयंत्र. पत्नी गेल्यापासून जिना उतरणेही त्यांनी कमी केले होते. त्या दिवशी मात्र ते खुर्चीच्या कडेवर बसून जो सॅट्रियानी या गिटारवादकाविषयी बोलत होते. जिमी हेंड्रिक्स १९७०मध्ये गेला त्या दिवशी या चौदा वर्षांच्या मुलाने फुटबॉल सोडला आणि गिटार धरली. पुढे स्टीव्ह वाय आणि मेटॅलिकाचा कर्क हॅमेट त्याच्याकडे शिकले. रिची ब्लॅकमोर निघून गेल्यावर डीप पर्पलसोबत काही काळ तोच वाजवत होता. "आणि डॉक्टर, तो गात नाही. नुसती गिटार. आपल्या सरोदसारखी."

'नाही' माझ्या ओठांवर आले होते. मग मनात आले, याच प्रकृतीच्या याच माणसाने सवाईचे विचारले असते तर? मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मफलर लिहून दिला असता. म्हणजे माझा नकार वैद्यकीय नव्हता, तो आवडीनिवडीचा होता. वैद्यकीय प्रश्न निराळा होता आणि तो खराच होता : आवाजाचा.

ढोबळ मान असे धरतात की ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतात; पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला हाती उरतात अवघी पंधरा मिनिटे. कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 'द हू'चा पीट टाउनशेंड आपल्या गेलेल्या श्रवणशक्तीविषयी आणि कानातील गुणगुणीविषयी जाहीरपणे बोलत आला आहे. वयाने आधीच ऐकू कमी येते, मग काळजी कशाला, असे अनेक घरांत म्हटले जाते. उलट आहे. उरलेले थोडे असते तेव्हाच ते जपावे लागते.

माझ्या अटी काकांनी वहीत लिहून घेतल्या. कानांत स्पंजाची बोळी. बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. श्रवणयंत्र काढून डबीत. स्पीकरच्या भिंतीपासून दूर, मागे बसायचे. जिभेखालची गोळी स्वतःच्या वरच्या खिशात, मुलीच्या पर्समध्ये नव्हे. अटी संपल्यावर ते म्हणाले, "मग तुम्हीच चला." का कोण जाणे, मी गेले.

लक्ष्मी रस्त्याची गर्दी मागे टाकून आम्ही तिघे लष्करातून पूर्वेकडे निघालो. मुलगी गाडी चालवत होती. ईस्ट स्ट्रीटच्या वळणावर काकांनी काच खाली केली. तरुणपणी पगाराच्या दिवशी ते पिंपरीहून इकडे कॅसेट शोधायला येत. रेकॉर्ड हवी असली तर मुंबईला, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये. ते दुकान २०१६मध्ये बंद झाले, हे सांगताना त्यांचा स्वर एखादा नातेवाईक गेल्यासारखा झाला. मुलीने हे कधी ऐकले नव्हते.

एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव २०१०मध्ये पुण्यातच सुरू झाला. शहराच्या पूर्व कडेच्या त्या लॉन्सवर पोहोचल्यावर मला संकोच वाटला. सगळे आमच्या मुलांच्या वयाचे. पण एका काळ्या टी-शर्टमधल्या मुलाने काकांना "या काका" म्हणत वाट करून दिली. सवाईच्या मंडपात उशिरा येणाऱ्याला सतरंजीवर जागा करून देतात, तशीच.

गिटार सुरू झाली आणि पहिला ठोका कानांत नव्हे, छातीत बसला. बोळी मी काकांना घालून दिली, स्वतःसाठी मात्र पर्समध्येच ठेवली होती. म्हटले, दोन मिनिटे नीट ऐकू. ती दोन मिनिटे बरीच लांबली. मग माझे लक्ष काकांकडे गेले. ते उभे होते. डावा हात हवेत, बोटे नसलेल्या तारांवर सरकत होती. नाडी पाहावी म्हणून मी मनगट धरले. जलद होती, पण नियमित. अखेरच्या रचनेला त्यांनी डाव्या कानातले बोळे काढले. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी मंचाकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रुग्णाचा रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोपमध्ये मला बारीक शिट्टी ऐकू आली. ती संध्याकाळपर्यंत विरली. दिवसभरात विरली नसती, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असते, तर मी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले असते. अशा वेळी आठवडा दवडणे महागात पडते.

पुढच्याच आठवड्यात सवाई होते. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३मध्ये सुरू केलेला हा महोत्सव त्या वर्षी रमणबाग सोडून मुकुंदनगरला आला, म्हणून जुने श्रोते हळहळत होते. काका माझ्या दोन रांगा पुढे बसले होते. मुलीने आणले होते. रात्रीच्या दहाच्या नियमाने मैफल आवरली तेव्हा मागे वळून म्हणाले, "डॉक्टर, इथेही स्पीकरजवळ बसू नका."

जानेवारीत त्यांच्या कानांची तपासणी झाली. आलेख पूर्वीइतकाच होता. मी माझीही करून घेतली, आयुष्यात प्रथमच. चार हजार हर्ट्झला दोन्ही बाजूंना छोटा खळगा निघाला. तो त्या एका रात्रीचा असणे शक्य नाही. लक्ष्मी रस्त्यावर दवाखान्याच्या वाटेवर ऐकलेल्या तीस वर्षांच्या ढोल-ताशांचा असावा.