पाहुणा, चहा आणि रोही

खामगाव म्हटलं की लोकांना चांदी आठवते, नाहीतर कापसाचा बाजार. पण गावाबाहेर पडून बुलढाण्याच्या रस्त्याला लागलं की ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. सुमारे 205 चौरस किलोमीटर जंगल. अस्वलं आहेत, बिबटे आहेत. त्याच्या ओढीनं जमलेला आमचा वीस-पंचवीस जणांचा गट आहे. पहाटे पक्षी बघायला जायचं, पावसाळ्यात डोंगर चढायचे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात बसून कुणातरी पाहुण्याचं ऐकायचं. नंतर चहा.

मित्र विचारतात, "यूट्यूबवर सगळं असताना वर्गात काय बसता?" प्रश्न रास्त आहे. पाहुण्यापेक्षा चांगला व्हिडिओ बऱ्याचदा फोनमध्ये असतोच.

यावर माझ्याकडे एक जुनी गोष्ट आहे. 1883 साली मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयात मोजकी माणसं जमली. त्यांनी ठरवलं की दर महिन्याला भेटायचं, काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, काही नमुना मिळाला असेल तर दाखवायचा. पुढे तिचं नाव देशभर गेलं ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. लवकरच फिप्सन नावाच्या सभासदानं आपल्या दारूच्या दुकानातली जागा बैठकांसाठी दिली. संस्थेचं नियतकालिक 1886 मध्ये निघालं. म्हणजे आधी भेटणं, मग छापणं. समोर बसलेला माणूस मध्येच हात वर करून विचारू शकतो, हा त्या भेटण्यातला खरा फायदा. आमच्याकडे एका रविवारी तेच झालं.

त्या महिन्याचे पाहुणे वन्यजीव अभ्यासक होते आणि विषय होता 'सी-1'. हा वाघ तुम्हाला बातम्यांमधून माहीत असेल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला नर. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात जाऊन परत महाराष्ट्रात आला आणि डिसेंबरमध्ये आमच्या ज्ञानगंगेत पोचला. पाच महिन्यांत सुमारे 1,300 किलोमीटर. पडद्यावर नकाशा होता, त्यावर ठिपके. बहुतेक चालणं रात्रीचं. वाटेत शेतं, ओढे, रस्ते, गावं. एवढ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याची एकच घटना, तीही तो झुडपात विसावलेला असताना काही माणसं तिथं शिरली तेव्हा. वर्गात टाळ्या पडल्या.

माझे बाबा काही कामानं गावात आले होते आणि मला घ्यायला म्हणून मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी हात वर केला. "वाघ लोकाईच्या वावरातून चालला म्हंता. त्या वावरात रात्री कोन होतं, हे बी नकाशात हाय का?"

कुणीतरी हसलं. पाहुणे हसले नाहीत. म्हणाले, "नाही काका. नकाशात फक्त वाघ आहे."

आमचं शेत जंगलाच्या बाजूला आहे. तूर, हरभरा, थोडा कापूस. हरभरा वर आला की जागल सुरू होते. रात्रीची वीज असली की पाणी द्यायलाही रात्रीच जावं लागतं. बाबांचा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या जेवणातला होता. गटातल्या बाकीच्यांनी तो पहिल्यांदाच ऐकला.

चहाच्या वेळी वाद झाला. पुढच्या महिन्यात एक नावाजलेले छायाचित्रकार ठरलेले होते. मी म्हटलं, त्यांना महिनाभर पुढे ढकलू आणि बाबांना बोलावू. एक जण म्हणाला, "इथं आपण निसर्गासाठी येतो, शेतीची गाऱ्हाणी ऐकायला नाही." मतं मोजली. दोन मतांनी बाबा ठरले. घरी सांगितलं तर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "मी काय बोलू त्या शिकेल लोकाईसमोर?"

ते बोलले चाळीस मिनिटं, स्लाइडशिवाय. रोही कुंपणावरून उडी मारते आणि डुक्कर खालून घुसतं, म्हणून एकच कुंपण दोघांना पुरत नाही. वारा कुठून आहे ते बघून मचाणाची बाजू ठरते. रात्री टिटवी ओरडली की बॅटरी लावायची, कारण काहीतरी चालतंय. आमच्या एका पक्षीवाल्या मैत्रिणीकडे टिटवीच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज आहेत. ती वहीत लिहून घेत होती.

मग तोच वाद घालणारा मित्र उठला. "काका, मग तुम्हाला वाघ नकोच का?"

बाबा जरा थांबले. "वाघ असला त रोही कमी राह्यतीन, डुक्करं कमी राह्यतीन. त्याचं मले बरंच वाटते. पन मंग रात्री पानी द्याले कोन जाईन, हे बी सांगा."

उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा चहा थंड होईपर्यंत लोक दिवसा मिळणाऱ्या विजेबद्दल, पंचनाम्याबद्दल, कुंपणाच्या खर्चाबद्दल बोलत बसले.

पुढे दोघं-तिघं यायचे बंद झाले. छायाचित्रकार नंतरच्या महिन्यात आले आणि सुंदर बोलले. आता दर तिसरा पाहुणा जंगलाकाठच्या गावातला असतो: मेंढपाळ, वनमजूर, मध काढणारा.

अजून एक गोष्ट बदलली, बाबांच्या सांगण्यावरून. संध्याकाळची बैठक दुपारी दोनला भरते. ज्यांना दिवेलागणीला वावरात पोचायचं असतं, त्यांनाही चहा पिऊन निघता यावं म्हणून.