स्कीची जुनी जोडी



आमच्या इंदुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. तेव्हा स्की या विषयावर शाळेच्या कार्यालयात तीन दिवस चर्चा होईल, असे कुणाला वाटले नसेल. पण यंदा अकरावीतील एका विद्यार्थिनीने गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेच्या प्राथमिक वर्गासाठी अर्ज केला. ही संस्था 1968 पासूनची. मुलीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आरिफ खानचे छायाचित्र आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता, हे तिनेच आम्हाला सांगितले.

ही वार्ता आमच्या एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांच्या कानी गेली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते नोकरीनिमित्त जर्मनीत होते. तिथे घेतलेली स्कीची जोडी, बूट आणि काठ्या असे सर्व साहित्य त्यांनी मोठ्या प्रेमाने शाळेत पाठविले. जोडी मोजून चार-पाच वेळाच वापरलेली, रंगसुद्धा उडालेला नाही. एक विश्वस्त म्हणाले, "जुनं ते सोनं." शिपाईमामांनी आपल्या माळवी थाटात भर घातली, "नया नौ दिन, पुराना सौ दिन." मुलीचे वडील मात्र गप्प होते. खाजगी दुकानात हिशेब लिहिणारा माणूस, एवढ्या मोठ्या माणसाची भेट नाकारायची कशी? आणि घेतली, तर मुलीने ती वापरायची की नाही?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात, तेही इतिहासात झालेले. स्कीतले आम्हाला काय कळणार? परंतु महू जवळ आहे, आणि महूत काय नाही! सैन्याच्या गुलमर्ग येथील हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये काही वर्षे शिकविलेले एक निवृत्त सुभेदार तिथे राहतात. ते स्वतः येऊन पाहून गेले.

त्यांनी पहिल्यांदा फीत काढली. जोडीची लांबी भरली 195 सेंटिमीटर. मुलीची उंची 153. नवशिक्याची स्की उभी धरली की हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, म्हणजे हिला साधारण 135 ते 145. लांबीचा एवढा बाऊ का, असे आम्ही विचारले. पहिल्या दिवशी शिकवितात ते थांबायला. पुढची टोके जवळ, मागची दूर, असा नांगराच्या फाळासारखा आकार करून वेग मारायचा. लांबलचक फळ्या घेऊन नवख्या पायांना तो आकार साधत नाही. टोके एकमेकांवर चढतात आणि मूल पडते.

दुसरी गोष्ट आकाराची. त्या काळची स्की जवळजवळ सरळ पट्टीसारखी असे. 1993 च्या सुमारास स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने टोकांना रुंद आणि कमरेला अरुंद अशी स्की बाजारात आणली, आणि पुढे सगळ्यांनीच तो आकार उचलला. ही स्की कडेवर कलली की आपोआप कमानीत वळते. सरळ स्की वळवायला वेगही लागतो आणि कसबही, म्हणजे नवशिक्याकडे नसलेल्या नेमक्या दोन गोष्टी.

येथवर आम्हाला वाटत होते की फार तर शिकायला चार दिवस जास्त लागतील. पण सुभेदारसाहेबांनी बाइंडिंगवर बोट ठेवले. बूट स्कीला धरून ठेवणारा हा खटका. पडताना पाय पिळला गेला की त्याने बूट सोडला पाहिजे, नाहीतर तो पीळ गुडघ्यावर किंवा नडगीवर येतो. किती जोराला सोडायचे याचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरवितात. 44 किलोच्या या नवख्या मुलीसाठी तो तीनच्या आसपास येतो. त्या बाइंडिंगवरचा सर्वांत खालचा आकडाच चार होता! शिवाय इतक्या वर्षांनी आतली स्प्रिंग आकड्याप्रमाणे वागेल याचा भरवसा नाही. कंपन्या अशी जुनी बाइंडिंग आपल्या यादीतून काढून टाकतात आणि चांगला कारागीर त्यांना हात लावत नाही. बुटांचेही तसेच. न वापरताही प्लॅस्टिक वयाने ठिसूळ होते, आणि ऐन उतारावर बूट तडकतो.

तेव्हा आमच्या मते घोटाळा 'जुनी' या शब्दाचा आहे. वापरलेली आणि कालबाह्य या वेगळ्या गोष्टी. पाच-सहा हंगाम भाड्याने फिरलेली, ओरखडे पडलेली आखूड जोडी नवशिक्याला उत्तम. मात्र पोलादी कडा सलग हव्यात, थर सुटलेले नकोत, तळाला गाभ्यापर्यंत खड्डा नको आणि बाइंडिंग तपासून घेतलेले हवे. कडांवरचा हलका गंज कानशीने जातो. याउलट आमच्यासमोरची चकचकीत जोडी तिच्या कामाची नव्हती. आणि प्राथमिक वर्गात स्की, बूट, काठ्या संस्थाच देते, मग मालवा एक्सप्रेसच्या डब्यात हे साडेसहा फुटी गाठोडे ठेवायचे तरी कुठे?

नकाराचे पत्र आम्हीच लिहिले, वडिलांवर तो भार टाकला नाही. आकड्यांसकट सर्व मोकळेपणाने कळविले. उलट टपाली उत्तर आले नाही, फोन आला. "गुडघा तिचा आहे, स्की माझी," एवढेच म्हणाले, आणि थोड्या वेळाने चौकशी केली की मुलीकडे बर्फाचा चष्मा आणि पाण्याने न भिजणारे हातमोजे आहेत का. नव्हते. ते आता आले आहेत.

बूट त्यांच्याच सांगण्यावरून मोडीत काढले. जोडी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीला टेकून उभी आहे. दाब आणि क्षेत्रफळ शिकविताना सर ती खाली घेतात.