तृतीयेच्या तिसऱ्या

माझे माहेर मानोऱ्याचे. गाव आज वाशीम जिल्ह्यात मोडतो. १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडत असे. समुद्र तेथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे पाचशे किलोमीटर दूर. शिंपला म्हणजे अरुणावतीच्या वाळूत सापडणारी आणि बाहुलीचा नैवेद्य वाढावयास उपयोगी पडणारी एक वस्तू, एवढीच माझी बालपणीची समजूत. त्या शिंपल्यात कधी जीव असेल आणि कोणी तो शिजवून खात असेल, हे आमच्या देशस्थी घरात कोणाच्या स्वप्नीही आले नसते.

१९८६ साली मी वेंगुर्ल्याच्या एका सारस्वत घरात सून म्हणून आले. मुलगा सालस, घर खाऊनपिऊन सुखी; तेव्हा दादांनी होकार दिला. मात्र आईजवळ ते बोलून चुकले होते की, “लेक दिली, तरी त्या घरचे पाणी मी घेणार नाही.” पाच वर्षे त्यांनी शब्द पाळला. प्रत्येक दिवाळीला पत्र येई, आशीर्वाद येई, दादा मात्र येत नसत.

सासूबाईंनी मला मासळीस हात लावावयास कधी सांगितले नाही. माझी चूल निराळी, भांडी निराळी. एकदा मात्र थट्टेने म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना शल्यपर्व वाचावयास सांग.” बारा वर्षांच्या अवर्षणात सारे ऋषी अन्नासाठी दिगंतरास गेले असता, सरस्वतीने आपल्या पुत्राला, सारस्वत मुनीला, रोज मासे देऊन जगविले, आणि म्हणूनच वेद त्याच्या मुखी टिकले, ही कथा महाभारतात आहे खरी. पण पुराणातील पुरावा वडिलांपुढे मांडण्याचे धैर्य कोणत्या मुलीस होते?

१९९१ च्या माघात सासूबाई विहिरीपाशी घसरल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर, त्यात ताप. आठ दिवस पेजेवर काढून तोंडाची चव गेली. एके सकाळी भिंतीकडे तोंड करून त्या पुटपुटल्या, “तिसऱ्यांचे चार घोट पाणी मिळते, तर उठून बसले असते.” जाऊबाई माहेरी गेलेल्या, पुरुषमंडळी कचेरीत. घरात त्या आणि मी.

दहाच्या सुमारास खाडीवरची म्हातारी पाटी घेऊन दारात आली. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात बसून, वाळूत बोटे खुपसून तिने वेचलेल्या त्या तिसऱ्या. बारीक असतील त्या ती तेथेच परत टाकी. पुढे २०१४ साली केरळातील अष्टमुडी खाडीच्या तिसऱ्यांना मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, तेही लहान शिंपले राखावयाच्या आणि विणीच्या काळात खाडी मोकळी सोडावयाच्या शिस्तीपायी. ते वाचताना मला ही म्हातारी आठवली.

सासूबाई खाटेवरून सांगत गेल्या, मी करीत गेले. पसरट परातीत मिठाचे पाणी घालून तिसऱ्या दोन तास अंधारात ठेवावयाच्या, म्हणजे पोटातील वाळू त्या आपण होऊन टाकतात. गोड्या पाण्यात त्या तोंड मिटून बसतात. मग एकेक चोळून धुवावयाची. ज्या आधीच उघड्या आहेत आणि टिचकी मारूनही मिटत नाहीत, त्या मेलेल्या समजून फेकून द्यावयाच्या. एकीला टिचकी मारली, तो ती हळूच मिटली. हातातील वस्तू जिवंत असल्याचे त्या क्षणी मला कळले आणि मी परात खाली ठेवली. सासूबाईंनी पाहिले, काही बोलल्या नाहीत. खोकल्याची उबळ आली तेवढी. मी परात पुन्हा उचलली.

जाड बुडाच्या पातेल्यात तिसऱ्या, वर झाकण, झाकणावर पाणी. आत पाण्याचा थेंबही नको. त्यांच्या पोटचे पाणीच वाफेस पुरते. शिंपल्याची दोन्ही दले आतील स्नायू ओढून धरतो आणि बिजागरीपाशी एक चिवट बंध त्यांना उघडू पाहतो. आंच लागली की स्नायू सुटतो आणि दले आपोआप फाकतात. चार-पाच मिनिटांचे काम. त्यानंतरही मिटून राहते ती उघडण्याचा हट्ट करू नये, टाकून द्यावी. खाली उरलेले दुधाळ पाणी फडक्यातून गाळून घ्यावयाचे. मांस रबरासारखे होण्यापूर्वी पातेले उतरणे, हीच त्यातली मेख.

पातेले चुलीवर होते आणि अंगणात हाक आली. दादा! मुर्तिजापुराहून मुंबई, तेथून रात्रीची एस.टी.; त्यांचे येत असल्याचे कार्ड त्यांच्या नंतर दोन दिवसांनी पोचले. विहीणबाई पडल्याचे कळून राहवले नाही म्हणून आले होते. घरभर तो वास. “कोण रांधते आहे?” त्यांनी विचारले. “मी,” म्हणून मी खाली पाहिले. ते पडवीत जाऊन बसले.

तेथे पाटीवाली पैशांसाठी थांबली होती. वेळ जावा म्हणून दादांनी विचारले, “भरती-ओहोटी तुम्हांस कळते कशी?” ती म्हणाली, तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. आज तृतीया, भरती सव्वादोनला. म्हणून सव्वाआठला पाणी ओसरले. अमावास्येला नि पुनवेला भरती सव्वाअकराला. दादांनी आयुष्यभर पंचांग पाहिले होते, पण त्यात समुद्र असतो हे त्यांस ठाऊक नव्हते. ते बोटांवर अष्टमी, एकादशी मोजत राहिले. अडीचच्या सुमारास आमच्या पुतण्यास घेऊन बंदरावर गेले, आणि परतले ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. “बाई बरोबर सांगते,” ते म्हणाले. “पाणी दे.”

मी तांब्या दिला. त्यांनी तो तोंडी लावला.

सासूबाईंनी वाटीभर पाणी घेतले आणि तोंड वाकडे केले. मी मीठ घातले होते! “अगं, समुद्र तिच्यात आधीच असतो.” चव न घेता रांधणाऱ्या सुनेचे दुसरे काय होणार? तरी वाटी संपली. उरलेल्यांस कांदा, हिरवी मिरची, हळद, आमसूल आणि ओले खोबरे घालून मी सुके केले. ते रात्री मंडळींनी पुसून खाल्ले. मी आजही खात नाही. मीठ मात्र पुन्हा कधी घातले नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. चंद्रोदयानंतर दादांनी आमच्याच पानावर उपास सोडला. निघताना पिशवीत रिकामे शिंपले मागून घेतले. मानोऱ्यास ते तुळशीवृंदावनाभोवती मातीत रोवलेले अजून आहेत. गेल्या दिवाळीत मोजले, एकोणचाळीस भरले. दोन भावाच्या नातीने बाहुलीसाठी पळविले.