महावृक्षांच्या वनात

आम्हां हिंगोलीकरांना मोठे झाड म्हटले की वड आठवतो: आडवा पसरलेला, पारंब्या सोडणारा, गावाला पार देणारा. मुलाच्या कुटुंबासमवेत कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतावरचे सिक्वोया राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला, तेव्हा ही कल्पना अपुरी वाटू लागली. घाटाची वळणे घेत सुमारे सात हजार फूट चढून गेल्यावर ‘जनरल शर्मन’ हा वृक्ष समोर उभा राहिला. उंची २७५ फूट, बुंध्याचा घेर सुमारे १०२ फूट. याहून उंच झाडे जगात आहेत; परंतु खोडाच्या आकारमानात याला जोड नाही. वय अंदाजे २,२०० वर्षे. म्हणजे बेथलेहेमच्या गव्हाणीत बाळ येशू जन्मला तेव्हा हा वृक्ष दोन शतकांचा होता! आम्ही उभयता नकळत हलक्या आवाजात बोलू लागलो. नातवाचा प्रश्न मात्र व्यवहारी होता: फांदी पडली तर? तशी एक २००६ साली पडलीही होती, कुंपण मोडून.

हे उद्यान २५ सप्टेंबर १८९० रोजी स्थापन झाले. वॉल्टर फ्राय या लाकूडतोड्याची कथा आम्हांला विशेष भावली. १८८८ साली त्याने साथीदारांसह पाच दिवस खपून एक सिक्वोया पाडला आणि बुंध्यावरची वर्षवलये मोजली. ती भरली ३,२६६. त्याने ते काम सोडले. पुढे १९१४ साली तो याच उद्यानाचा अधीक्षक झाला.

कुऱ्हाड थांबली, तसा वणवाही थांबविण्यात आला. ठिणगी दिसली की विझवायची, हा पुढे कित्येक दशकांचा शिरस्ता. हेतू चांगलाच होता. परंतु या वृक्षाची साल दीड-दोन फुटांपर्यंत जाड, सहसा न पेटणारी; त्याची कोंबडीच्या अंड्याएवढी फळे आगीच्या धगीने वाळून उघडतात, आणि जोंधळ्याहून हलके बी उघड्या मातीतच रुजते. आग नाही म्हणून रोपे नाहीत, आणि खाली पालापाचोळा व लहान झाडे दाटत गेलेली! वैशाखात धसकटे वेचून जाळणाऱ्या आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागले नसते. १९६०च्या दशकात तेथे मुद्दाम बेताच्या आगी लावण्यास आरंभ झाला. पण साचलेले जळण फार होते.

२०२० व २०२१ च्या वणव्यांत जगातील मोठ्या सिक्वोयांपैकी १३ ते १९ टक्के मेले, असा तेथील उद्यान खात्याचा अंदाज आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘जनरल शर्मन’चा बुंधा चकचकीत अग्निरोधक आवरणात गुंडाळावा लागला. तो वाचला. दोन-तीन हजार वर्षे वणवे सोसलेले त्याचे कित्येक भाऊबंद वाचले नाहीत.

काही राईंत धग एवढी होती की पुरेसे बीही उरले नाही. तेथे २०२३ मध्ये रोपे लावण्याचे ठरले. आदिम अरण्यात माणसाने हात घालू नये, असे म्हणणारे निसर्गप्रेमीही तिकडे आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. तरीही आमच्या मते रोपे लावावीत. आग विझवून माणसाने तेथे हात पूर्वीच घातला आहे.