कैफियत आणि मोजपट्टी

ओटीपोटाच्या विकारांवर संशोधन करावयाचे ठरविले, म्हणजे शस्त्रक्रियेत मुरलेल्या वैद्यालाही प्रश्न विचारण्याची विद्या नव्याने शिकावी लागते. कारण ‘अंग बाहेर येते’, ‘पांढरे जाते’, ‘खोकला आला की लुगडे भिजते’ या तक्रारी स्त्रिया आपण होऊन सहसा सांगत नाहीत, आणि सासू दाराशी उभी असेल तर विचारूनही सांगत नाहीत. दवाखान्याच्या दफ्तरी दाखल झालेल्या रुग्णांवरून रोगाचा हिशेब मांडण्याचा आमचा जुना शिरस्ता नेमका येथेच फसतो.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीकडील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणेकरी बाई दवाखान्याची पायरी चढेपर्यंत न थांबता त्यांनी गावातल्या स्त्रियांनाच तपासणीस बोलाविले. ६५० जणींपैकी शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या शेकडा ८च निघाल्या. या आकड्यांतला छेद मला विशेष मोलाचा वाटतो. अंश कोणत्याही इस्पितळात बसून मोजता येतो, छेदासाठी गाव पायाखाली घालावे लागते.

अंग किती उतरले हे पूर्वी जो तो वैद्य आपापल्या नजरेने ठरवून मोकळा होई. १९९६ साली मोजणीची जी प्रमाण पद्धत प्रसिद्ध झाली, तिच्यात योनिपटलाशी शून्य धरून आतले अंतर उणे आणि बाहेरचे अधिक असे सेंटिमीटरांत लिहितात. ही पट्टी मी नित्य वापरते, आणि तिच्यावाचून मुंबईची नोंद नागपूरच्या नोंदीशी ताडून पाहता येणार नाही हेही खरे. परंतु सकाळी टेबलावर निजविलेल्या स्त्रीचे अंग पुष्कळदा मुकाट्याने आत असते, आणि तिलाच दिवसभराच्या राबणुकीनंतर उभे करून, पोटाला जोर द्यावयास लावून तपासले, की उणे एकचा अधिक एक होऊन बसतो.

मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर टांगून धरणाऱ्या शस्त्रक्रिया रूढ केल्या. अंग उतरलेल्या तरुण, मूल हवे असलेल्या स्त्रियांची निकड त्यांनी ओळखली होती. पुढे कृत्रिम जाळीचा सुळसुळाट झाला, आणि ती रुतून होणाऱ्या यातनांच्या कैफियती इतक्या साचल्या की २०१९ साली अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्याने अंग उतरण्यावर योनिमार्गे बसवावयाच्या जाळ्यांची विक्री थांबविण्याचा हुकूम काढला.

आमच्या नमुन्यात म्हणूनच एक रकाना असा ठेवला आहे की, यश कशाला म्हणावे हे स्त्रीने शस्त्रक्रियेपूर्वीच सांगून ठेवावे. एकीने लिहविले, ‘वाटेत उतरावे न लागता एसटीने पंढरपूर गाठता आले पाहिजे.’ आमच्या सांख्यिकी सहकाऱ्यांना हा रकाना फारसा रुचत नाही. त्याची बेरीज होत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासाठी मी निराळा तक्ता करून दिला आहे.