छंदाचें मोल

“सर, फोटो काढून चार पैसे मिळतील काय?” असें आमच्या वर्गांतील मुलें वारंवार विचारितात, आणि “ह्या नादानें मुलाचा अभ्यास तर बुडणार नाहीं ना?” असें त्यांचे पालक विचारितात. आम्ही गेलीं बारा वर्षें शिक्षकी सांभाळून सुटीच्या दिवशीं भोर व वेल्ह्याकडील मुलखांत डिजिटल कॅमेरा घेऊन हिंडतों आणि त्यांतून थोडी प्राप्तीही करितों. म्हणून ह्या दोन्ही प्रश्नांस अनुभवाच्या आधारें उत्तर द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे.

छंदास उद्योगाची जोड देणें आपल्याकडे नवें नाहीं. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी करून छायाचित्रें काढणारे गृहस्थ होते. दादासाहेब फाळके यांनींही १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणण्यापूर्वी गोध्रा येथें छायाचित्रांचा धंदा केला होता. त्या काळीं प्रत्येक कांच, प्रत्येक कागद पैसे मागे. पुढें १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, आणि आज एका कळीसरशी शंभर चित्रें निघतात. खर्च गेला, परंतु खर्चाबरोबर छायाचित्राची दुर्मिळताही गेली, हें विसरूं नये.

ह्याचा परिणाम आमच्याच डोंगरांत पाहावा. पावसाळा सरतांच तोरणा व राजगड चढणाऱ्यांची रीघ लागते. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून गौरविलें, त्यांत राजगड आहे. संजीवनी माचीचें चित्र ज्याच्या मोबाइलांत नाहीं, असा तेथें जाणारा विरळाच. बालेकिल्ल्यावर धुकें उतरत असतांना आम्हीं घेतलेलें एक चित्र आम्हांस फार प्रिय आहे. परंतु त्यानें आजवर आमच्या चहाचाही खर्च भागविलेला नाहीं. चित्र वाईट आहे म्हणून नव्हे. जें सर्वांजवळ आहे, त्यास दाम पडत नाहीं.

मग दाम कशास पडतो? शेजाऱ्याला ज्याची गरज आहे त्यास. बारसें, साखरपुडा, शाळेचें स्नेहसंमेलन, जुन्या फाटक्या फोटोची नवी प्रत, पाहुण्यांस घरीं उतरवून जेवूंखाऊं घालणाऱ्या शेतकऱ्याच्या घराचीं चित्रें, अशा साध्या कामांनीं आमच्या कॅमेऱ्याची किंमत भरून आली. त्यासही दोन वर्षें लागलीं, हें उतावळ्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

वेल्ह्याकडील वाड्यांतून फिरतां आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. कित्येक घरांत वडील माणूस गेलें म्हणजे भिंतीवर लावावयास त्याचें एकच छायाचित्र सांपडतें, तें आधार कार्डावरचें. नखाएवढें तें चित्र मोठें केलें कीं, चेहरा ओळखूं येईनासा होतो. जन्मभर भातखाचरांत राबलेल्या मनुष्याची मागें उरणारी खूण काय, तर यंत्रापुढें बावरलेले दोन डोळे!

अशाच एका वाडींत एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही म्हणालों, “बाबा, तुमचा व आजींचा फोटो काढून देतों, पैसे नकोत.” ते म्हणाले, “गुरुजी, फुकटचा फोटू भितीवर लावायचा न्हाय. काय व्हत असंल ते सांगा.” आम्हीं छपाईचा व मेहनतीचा आकडा सांगितला. त्यांनीं घरांतून पायलीभर आंबेमोहोर तांदूळ आणून आमच्या पिशवींत ओतला आणि मगच ते अंगणांत येऊन ताठ बसले. आजी “माझा कशाला?” म्हणत आंत जाऊं लागल्या, बाबांनीं त्यांस हाताला धरून शेजारीं बसविलें. त्या चित्रांत आजी हसत आहेत.

पुढल्या पावसाळ्यांत आजी वारल्या. त्यांचा मुलगा आम्हांस शोधीत भोरास आला आणि शंभराच्या पांच नोटा पुढें करून म्हणाला, “आईचा फोटो मोठा करून द्या, लागतील तेवढे घ्या.” आम्हीं छपाईचा व चौकटीचा खर्च तेवढा घेतला आणि उरलेल्या नोटा त्याच्या हातीं परत दिल्या. ज्या घरानें आमच्या श्रमाचा मान राखिला, त्या घराच्या शोकाचा भाव करणें आम्हांस शोभलें नसतें. श्रमाचा दाम अवश्य घ्यावा, कारण त्यांत घेणाऱ्याचा व देणाऱ्याचा, दोघांचाही मान आहे. दुसऱ्याच्या गरजेचा दाम मात्र घेऊं नये.

विद्यार्थीमित्रांनो, ह्या मार्गानें जाणार असाल तर चार गोष्टी पाळा. कोणाचेंही चित्र त्याच्या संमतीवांचून काढूं नका. जमाखर्चाची वही ठेवा आणि तींत प्रवासाचा खर्चही लिहा, म्हणजे नफा खरा किती तें कळेल. १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घ्या: आपल्या इच्छेनें काढलेल्या चित्राचा हक्क सामान्यतः आपला असतो, परंतु दाम घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, दाम देणाऱ्याचा होतो. तेव्हां लग्नाचीं चित्रें त्या कुटुंबास न विचारतां इतरत्र देऊं नका. आणि परीक्षा जवळ आली कीं कॅमेरा पेटींत ठेवा. डोंगर कोठें जात नाहींत.

पालकहो, मुलानें कॅमेरा मागितला तर एकदम नवा व महाग घेऊन देऊं नका, आणि एकदम नाहींही म्हणूं नका. घरांत जो मोबाइल आहे, तो एका रविवारीं त्याच्या हातीं द्या आणि आपल्या घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाचें एक चांगलें चित्र काढावयास सांगा. तें चित्र भिंतीवर लावण्याजोगें निघालें, तर मुलाचा हात चांगला आहे असें समजावें. आणि तसें न निघालें, तरी एक दुपार त्यानें आजीआजोबांजवळ बसून काढिली, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.