सहाशे मीटर

बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्यातली बहुतेक वर्षं मी मुलांना एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलो. ती आज मला पटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी कितीतरी मुलांना लिहून दिली. शेवट ठरलेला असे : विज्ञान निर्दोष असतं, दोष वापरणाऱ्याचा, सुरीनं भाजी चिरता येते आणि गळाही. हे मी केवळ टाळ्यांसाठी लिहीत नव्हतो, माझा त्यावर खरोखर विश्वास होता.

अणुकेंद्राचा धडा हा माझा आवडता. त्या दिवशी पुस्तक मिटूनच मी वर्गात शिरायचो. १९३८चा डिसेंबर. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हान आणि श्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉन सोडतात आणि त्यांना सापडतं बेरियम, युरेनियमच्या साधारण निम्म्या वजनाचं. हे घडतं कसं? हानची जुनी सहकारी लिझे माइटनर ज्यू वंशाची, म्हणून त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जर्मनीतून निसटून स्वीडनला गेलेली. नाताळच्या सुट्टीत ती आणि तिचा भाचा ओटो फ्रिश बर्फातून फिरायला निघतात, एका ओंडक्यावर बसतात आणि खिशातल्या कागदाच्या कपट्यांवर हिशेब मांडतात. पाण्याच्या थेंबासारखं अणुकेंद्र लांबतं, कमरेत बारीक होतं, फुटतं. तुकड्यांची बेरीज केली तर प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाइतकं वस्तुमान कमी भरतं. आइन्स्टाइनच्या समीकरणात ते घातलं की निघतात २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, एका केंद्राच्या एका फुटीतून. हे सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. त्यातलं सौंदर्य खरं आहे, त्याबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

मग साखळी. एका फुटीतून दोन-तीन न्यूट्रॉन, त्यांतून पुढच्या फुटी. अशा सुमारे ८० पिढ्या सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतात. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं किलोभरसुद्धा फुटलं नाही आणि ऊर्जेत बदललं ते उणंपुरं पाऊण ग्रॅम. मुलं अवाक् व्हायची.

शेवटची दहा मिनिटं मी उंचीसाठी राखून ठेवायचो. बॉम्ब जमिनीवर न फोडता सुमारे ६०० मीटर उंचीवर का फोडला? लाल खडूनं वरून येणारी धक्क्याची लाट काढायची, निळ्यानं जमिनीवरून परतणारी. परतणारी लाट आधीच दाबलेल्या आणि तापलेल्या हवेतून जाते, म्हणून जास्त वेगानं धावते, पहिलीला गाठते. दोन्ही मिळून एक उभी भिंत जमिनीलगत सरकत जाते. अर्न्स्ट माखच्या नावानं ती ओळखली जाते. लाटांच्या धड्याला जोडून मी यावर एक गणितही रचलं होतं. माझ्या नोट्समध्ये ते होतं, आणि मुलांना ते आवडायचं.

निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी १९४५च्या लक्ष्य-निवड समितीचं इतिवृत्त माझ्या वाचनात आलं. अमेरिकेनं ते कधीच खुलं केलेलं आहे. १० आणि ११ मे, लॉस अलामॉसची बॉम्ब-प्रयोगशाळा, तिचे संचालक ओपेनहायमर यांचं ऑफिस. कॉलेजच्या कुठल्याही मीटिंगचं असावं तसं क्रमवार इतिवृत्त. पहिलाच विषय : स्फोटाची उंची. दर चौरस इंचाला ५ पौंड दाब धरून ती ठरवायची. ५ पौंड म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. राहती घरं कोसळतात तो दाब. भक्कम काँक्रीट फोडायचं तर बॉम्ब खाली आणावा लागतो. घरं जास्तीत जास्त पाडायची तर वर न्यावा लागतो. पुढं हिरोशिमाविषयी नोंद होती की लगतच्या टेकड्यांमुळे धक्का एकवटेल आणि नुकसान वाढेल. नद्यांमुळे मात्र आगीसाठी हे गाव तितकं चांगलं नाही.

माझं वाचन तिथंच थांबलं. टेकड्यांवरून लाटेचं परावर्तन! हा तर माझाच धडा होता. इतकी वर्षं मी फळ्यावर जमिनीची एक आडवी रेघ ओढत होतो आणि त्या रेघेवर घरं होती. सहाशे मीटर हा आकडा निसर्गाचा नाही. आत माणसं असलेली लाकडी घरं मांडल्याशिवाय तो निघतच नाही.

सुरी घडवणारा लोहार कुणाच्या गळ्याचं माप घेत नाही. इथं माप घेतलं गेलं, आणि ते वैमानिकानं नव्हे, माझ्या विषयातल्या सर्वांत बुद्धिमान माणसांनी, कागद-पेन्सिल घेऊन. वर्षअखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं मेली. ‘विज्ञान निर्दोष, वापर वाईट’ यातला वापर नेमका कुठं सुरू होतो, हे मी मुलांना कधी विचारलंच नव्हतं. तो विमानात सुरू होत नाही. माइटनर यांना हे कळलं होतं; त्यांनी बॉम्बच्या कामाला साफ नकार दिला. बॉम्बच्या प्रकल्पात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट यांना १९४४च्या अखेरीस कळलं. जर्मनीनं बॉम्बचा नाद सोडला आहे हे कळताच ते लॉस अलामॉस सोडून निघून गेले. ती सीमा प्रयोगशाळेतूनच जाते, आणि तिथं उभ्या असलेल्याला ती दिसू शकते.

११ मे १९९८ला, पोखरणच्या अणुचाचण्यांची बातमी आली त्या संध्याकाळी, मी गल्लीत पेढे वाटले होते. देशाला बॉम्ब असावा की नसावा, यावर माझ्या मनात आजही दोन्ही बाजू भांडतात. पण पेढे देताना मी प्रत्येकाला म्हणालो होतो, ‘आपल्या भौतिकशास्त्राचे पेढे.’ ते वाक्य मला मागं घ्यायचं आहे.

माझा एक विद्यार्थी आता स्वतः शिकवतो, माझ्याच नोट्सच्या झेरॉक्सवरून. गेल्या वर्षी त्याचा फोन आला : ‘सर, त्या लाटेच्या गणितात ५ पौंड कुठून घेतलेत?’ मी त्याला सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘काढून टाकू का सर हे गणित?’

मी म्हटलं, नको. राहू दे. फक्त उंचीच्या आधी गावाचं नाव लिही.